शेवटून तिसऱ्यावर जोर

"हिप्पोपोटॅमस. तोड."

मॅडमनी फळ्यावर शब्द लिहिला आणि खडू माझ्याकडे रोखला. तोड म्हणजे तुकडे कर. दर तुकड्याला एक टाळी, आणि ज्या तुकड्यावर जोर येतो तिथं पाय आपटायचा. इंग्रजी शिकवायची ही त्यांची पद्धत होती. आठवीत होते मी.

उभी राहिले. हि, प, पॉ, ट. टाळ्या नीट पडल्या. मग "मस" म्हणताना असा पाय आपटला की बाकाखालची धूळ उडाली.

मॅडम हसल्या. शाळा झाशीतली; मॅडम आमच्यासारख्याच मराठी, पण हे त्या हिंदीत म्हणाल्या, कारण सगळ्यांना कळायला हवं होतं.

"गँगमन की बेटी है ना. पटरी सरका रही है."

हशा पिकला. पुढच्या बाकावरच्या मुली मागं वळून वळून माझ्या पायाकडे बघायला लागल्या. मॅडमना मजा आली. त्यांनी हात वर केला. "फिर से. जोर लगा के..."

"हईशा!" सगळा वर्ग ओरडला.

त्या दिवशी माझं नाव गेलं. त्या शाळेत असेपर्यंत मी हईशाच राहिले. पाणी प्यायला गेले तरी हईशा, हात वर केला तरी हईशा.

आता हे कसं झालं ते सांगते. माझा बा रेल्वेत गँगमन. गाव भुसावळकडचं, नोकरी झाशीत. कोळशाची इंजिनं अजून चालत होती तेव्हाची गोष्ट. रूळ सरकवायचा असला की सगळी गँग सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी, लावून ओळीनं वाकायची. मुकादम सूर लावायचा, काहीबाही जोडून गायचा, आणि शेवटी सगळे मिळून "हईशा" म्हणत जोर टाकायचे. जोर शेवटी. आधी टाकला तर सब्बल निसटते, कुणाचा तरी पाय जातो. लायनीवरच्या आमच्या क्वार्टरांत पोरं बोलायला लागायच्या आधी हईशा म्हणायची. माय पिठाचा डबा उचलताना म्हणायची. आम्ही खाट अंगणात काढताना म्हणायचो. म्हणून कुणी मला विचारलं की जोर कुठं, तर माझा पाय आपोआप शेवटी पडायचा. दुसऱ्या कुठल्या घरच्या मुलीनं ही चूक केली नसती.

चूक होती. मी कुठं नाही म्हणतेय? चूक दुरुस्त करायला तर शाळेत जातात. पण मॅडमनी ती दुरुस्त केली नाही. त्यांनी ती जपून ठेवली.

मॅडम झाशीच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर आले आणि इथंच राहिले. घरात अजून "मुदपाकखाना" म्हणायचे, स्वयंपाकघर नाही. आम्ही रेल्वेवाले, काल आलेले. त्यातही रेल्वेतले बाबू वेगळे आणि आम्ही वेगळे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "बरं," म्हणाल्या. त्या एका "बरं"मध्ये मला माझी जागा कळली. झाशीत मराठी माणसं ती किती, मूठभर. त्या मुठीतसुद्धा आम्हाला बोटांच्या बाहेर ठेवलेलं. मराठी मंडळी गणपती बसवायची तेव्हा मांडवाचे खांब बाच्या गँगनं पुरायचे. आरतीला मात्र चपला काढायच्या जागेशी उभं राहायचं. बाबू लोकांना मॅडम "तुम्ही" म्हणायच्या. माझ्या बाला "तू".

मला सायन्स घ्यायचं होतं. बस, एवढंच हवं होतं. शाळेत एकदा पान उकळून त्यावर आयोडीन टाकलं आणि ते निळंकाळं झालं, तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं. नववीत सायन्सच्या जागा थोड्या होत्या. बाकीच्या मुलींना होम सायन्स, म्हणजे भरतकाम, मुरांबा आणि पाहुण्यांना चहा कसा द्यायचा. जागा कुणाला द्यायची ते मॅडम ठरवायच्या, तोंडी परीक्षा घेऊन. त्यांचं म्हणणं ठरलेलं: "सायन्सचे शब्द ग्रीक असतात. लांबलचक. ज्यांच्या जिभेला ते पेलत नाहीत, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये."

मी त्या शब्दांच्या मागं लागले. मरेस्तोवर लागले. कोळशाच्या तुकड्यानं क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर शब्द लिहायचे. थर्मोमीटर. फोटोसिंथेसिस. मेटामॉर्फसिस. पॅरललोग्राम. माय भिंत बघून कपाळावर हात मारायची. "सायबानं पाहिलं तर क्वार्टर जाईल आपलं!" मी पुसायची आणि परत लिहायची. टाळ्या वाजवून तुकडे पाडायची. तुकडे बरोबर पडायचे. पण जोर कुठं? देवा रे, जोर कुठं?

इलाइट चौराह्यावर एक फोटोचं दुकान होतं. बोर्डावर फोटोग्राफी. वर्गात मॅडम तो शब्द तोडायच्या तेव्हा जोर दुसऱ्या तुकड्यावर. फोटोग्राफ म्हटलं की पहिल्यावर. फोटोग्राफिक म्हटलं की तिसऱ्यावर. एका आईची तीन लेकरं, आणि तिघांची तीन तऱ्हा! मी रडकुंडीला यायची. असं कसं? याला काही धरबंध आहे की नाही? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "कानाला कळतं ते. कान असावा लागतो."

म्हणजे आम्हाला कान नाही. बरं.

मग मी प्रत्येक शब्द सुटा सुटा पाठ करायला घेतला. मॅडम वर्गात कुणाकडून कुठला शब्द म्हणवून घेतात, पाय कुठं आपटतात, ते डोळे ताणून बघायची. दहा शब्द जमले की अकरावा तोंडघशी पाडायचा. जमलेलेसुद्धा उभं राहिलं की पळून जायचे, कारण मी उठले रे उठले की मागून कुणीतरी हळूच "हईशा" म्हणायचं आणि माझा मेला पाय परत शेवटी पडायचा. मी त्या पायाला शिव्या द्यायची. चिमटे काढायची. स्वतःच्या पायाची लाज वाटायला लावली त्या बाईनं मला.

मृणाल मॅडमची भाची. त्यांच्याच घरी राहायची, माझ्याच वर्गात. पोरगी वाईट नव्हती. मधल्या सुट्टीत एकदा मी पिंपळाखाली एकटीच बायोलॉजी, बायोलॉजी करत पाय आपटत होते. ती चिवडा खात उभी. बघून बघून कंटाळली आणि म्हणाली, "अगं, असं काय करतेस? शेवटून मोज ना."

"शेवटून काय?"

"शेवटून तिसरा. असले लांब शब्द असले की जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर. आणि शेवटी इक आला तर त्याच्या लगेच आधी. मावशी घरच्या शिकवणीत पहिल्याच दिवशी सांगते."

मी तिथल्या तिथं मोजलं. बा-यॉ-ल-जी. शेवटून तिसरा, यॉ. थ-मॉ-मि-टर. मॉ. हि-प-पॉ-ट-मस. पॉ! फो-टो-सिन्-थ-सिस. सिन्! फोटोग्राफ, फोटोग्राफी, दोन्ही शेवटून तिसऱ्यावर. फोटोग्राफिकमध्ये इक आला, म्हणून त्याच्या आधी. तीन लेकरांची तऱ्हा एकच होती. मी फक्त उलट्या टोकाकडून मोजत होते, कारण कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग मॅडम वर्गात का नाही सांगत?"

मृणालनं खांदे उडवले. "वर्गात सांगितलं तर घरी शिकायला कोण येईल?"

एवढं सहज म्हणाली ती. आणि परत चिवडा खायला लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला. मी भिंती काळ्या करत होते, मायच्या शिव्या खात होते, स्वतःच्या पायाला चिमटे काढत होते, आणि त्यांच्या मुदपाकखान्यात बसून जिला तिला हे एका वाक्यात मिळत होतं. कान असावा लागतो म्हणे. कान कसला, दार! त्यांच्या घरचं दार उघडं असावं लागतं. आज मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. असले शब्द दिवसभर तोंडात असतात. एकही शब्द असा नाही जो माणसाला पेलत नाही. पेलत नाही हे त्याला सांगितलं जातं.

तर, परीक्षेच्या आधी मॅडमनी वर्गात मला उभं केलं. वर्ग तयारच होता. "मेटामॉर्फसिस. तोड."

मे, टा, आणि पाय. मॉर. मग फ, सिस. टाळी, टाळी.

कुणी हसलं नाही. हसायला काही नव्हतंच.

"ऱ्हायनॉसरस." बरोबर. "पॅरललोग्राम." बरोबर. "एन्सायक्लोपीडिया." तोही. मॅडम खडू हातात फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता तरी म्हणतील. एक शाबास. मी काय मोठं मागत होते? "पाठ केलंय," म्हणाल्या आणि वळल्या.

शाळा सुटल्यावर मला थांबवलं. आता मराठीत, आणि आवाज गोड.

"अगं, गॅदरिंगला मोठे साहेब येणार आहेत. आपण एक गंमत बसवतोय. सगळ्या मुली गँगमन होणार, फेटे बांधून. तू मुकादम. तू लांब शब्द म्हणायचा, आणि सगळ्यांनी हईशा. तुझ्या त्या आधीच्या पद्धतीनं, जोर शेवटी टाकून. फार मजा येईल."

मी म्हणाले, "पण मॅडम, आता मला बरोबर येतं."

"माहीत आहे गं. पण बरोबर म्हटलं तर कोण हसणार?" मग त्या जरा वाकल्या. "एवढं कर. सायन्सच्या यादीत तुझं नाव मी घालते. परीक्षाही नको."

मी हो म्हणाले. म्हणाले, कारण आयोडीन डोळ्यांसमोर होतं. म्हटलं, दहा मिनिटांचं तर आहे.

मॅडमना खरी सब्बल हवी होती, आणि बाचा फेटा. मी घरी तेवढंच सांगितलं. बा उभाच राहिला. "शाळेला माझी सब्बल पायजे?" दोनदा विचारलं त्यानं. त्यांची गँग तेव्हा मोठ नावाच्या गावाच्या बाजूला काम करत होती. तिथं जाऊन त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मुकादम, म्हातारा बुंदेलखंडी माणूस, आमच्या दारात येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "हमाई मौड़ी इस्टेज पै चढ़है!" मौड़ी म्हणजे पोर. त्यांना वाटलं, शाळा त्यांच्या कामाचा मान करतेय. मी खाली बघत राहिले. काय सांगणार होते?

सब्बल जड, म्हणून तालमीच्या दिवशी बा स्वतःच घेऊन आला. न्हाऊन, धुतलेला शर्ट घालून. सब्बल राखेनं घासून चकचकीत केलेली. हॉलच्या दाराशी चपला काढून उभा राहिला.

मॅडम बघून खूश. "अरे वा! ये, ये, वर ये. खरा गँगमनच आला की! दाखव बरं मुलींना, कसं करता तुम्ही लोक."

बा स्टेजवर चढला. त्यानं पाय रोवले, सब्बल लावली, पाठ वाकवली. मनापासून. तो काहीच हातचं राखून करत नाही, तसंच. सूर लावला आणि "हईशा" म्हणताना त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. मुली खिदळायला लागल्या. मॅडमनी इशारा केला. मुलींनी ताल धरला, "फोटो... सिंथे... सिस, हईशा! थर्मो... मी... टर, हईशा!" एक मुलगी बाच्या मागं उभी राहून त्याच्यासारखी वाकून दाखवायला लागली. ढुंगण काढून. सगळा हॉल लोळायचा बाकी राहिला. मॅडम डोळे पुसत होत्या हसून हसून.

आणि माझा बा हसत होता. सब्बल धरून, सगळ्यांकडे बघत, दात काढून हसत होता.

मी स्टेजवर गेले. "बा, खाली उतर," म्हणाले.

"अगं थांब, पोरींना दाखवतो..."

"उतर खाली."

मॅडमचं हसू थांबलं. "क्या हुआ, हईशा?"

मी हिंदीतच बोलले. हॉलमधल्या प्रत्येकीला कळायला हवं होतं. "मैं नहीं करूँगी. मुझे सही आता है. आपके हँसने के लिए गलत नहीं बोलूँगी."

"फिर साइंस भी भूल जाओ."

"साइंस आपके घर का नहीं है, मॅडम."

असं तोंडावर. बोलले एकदाची. आणि मग सगळ्या हॉलसमोर सांगितलं, "शेवट से तीसरे पे जोर आता है. घर पे बताती हैं, क्लास में नहीं." घाईत "आखिर से" सुचलं नाही, अर्धं मराठी निघालं. निघू दे. मृणालनं मान खाली घातली. मी बाचा हात धरला आणि निघाले. सब्बल त्याच्या खांद्यावर.

घरी आल्यावर बानं मला झापलं. त्याचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "अक्कल आहे का तुला? सीट गेली ना? कुठं मिळनार आता असली शाळा? आपल्यातलं कोन गेलंय त्या शाळेत? माझं काय जात होतं? हसत होत्या, हसू दे की! हसून काय आंगाला भोकं पडतात?"

मीही पेटलेली. "बा, त्या तुला हसत होत्या. तुला कळलंसुद्धा नाही! तू पण त्यांच्याबरोबर हसत होतास. ते मला बघवलं नाही."

मायनं बाकडे पाहिलं. तो खाटेवर बसला आणि फेटा सोडायला लागला.

"कळलं नाई व्हय?" म्हणाला. "पहिल्या हसन्यालाच कळलं."

"मग का हसलास?"

"तुझी सीट होती ना."

मला रडू आलं नाही. राग आला, असा की भिंतीवर डोकं आपटावं. मॅडमवर, शाळेवर, बावर, माझ्यावर. मी तिथं हो म्हणाले म्हणून हा माणूस इथं दात काढून उभा राहिला. जाणूनबुजून. माझ्या एका बाकासाठी. त्यानं लायनीवर साहेबांसमोर असं किती वेळा केलं असेल, ते मग एक एक करून आठवायला लागलं. साहेब काहीतरी बोलायचा आणि बा हसायचा. मला वाटायचं, माझा बा फार हसरा आहे.

ती शाळा सुटली. बा धुसफुसत का होईना, पण नाव काढून आणायला आला. मग आम्ही दोघं दुसऱ्या शाळेत गेलो, सरकारी, मुलींची, हिंदीतून शिकवणारी. तिथं टेबलामागं एक बाबू बसलेला. त्यानं दाखला उलटसुलट केला, बाच्या पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"गँगमन की लड़की." मग शेजारच्याला डोळा मारला. "और लेंगी क्या? साइंस!"

दोघं हसले. बाच्या तोंडावर ते हसू यायला लागलं. ओठ फाकायला सुरुवात झालेली. मी बघितलं.

"बा, हसू नको," मी म्हणाले. मोठ्यानं, मराठीत, त्या बाबूच्या समोर.

बाचं तोंड मिटलं. तो ताठ उभा राहिला.

मी टेबलावर हात ठेवला. "हाँ. साइंस. लिखिए."

बाबू बघत बसला. मी हात काढला नाही, बाजूला झाले नाही, आणि त्यानं लिहीपर्यंत आम्हा दोघांपैकी कुणीही हसलं नाही.